दत्ताभाऊंचा फोल्डर सोडून

तपासणी सगळ्यांनाच हवी असते, फक्त ती स्वतःच्या दारापर्यंत येता कामा नये! नाव कुणाचं घेत नाही. ज्याचं त्याला बराबर कळतं.

मस्तगडातल्या आमच्या चार खुर्च्यांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात असे किस्से धुळीसारखे साचायचे. झाडले की पुन्हा हजर. मालक दत्ताभाऊ, त्यांचा मेव्हणा राजूभाऊ, हसनाबादची सुनंदा आणि कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मी. काम एकच: एका बियाणे कंपनीच्या वजनकाट्याचा प्रोग्राम.

*

मी आल्या आल्या लिंटर बसवला. लिंटर म्हणजे आपण लिहिलेला कोड वाचून त्यातल्या चुका दाखवणारा प्रोग्राम. पहिल्याच दिवशी पडदा चुकांनी भरला.

दत्ताभाऊ म्हणाले, "याला म्हणावं, आधी सोता एक प्रोग्राम लिहून दाखव!"

*

त्यातल्या निम्म्या चुका बाहेरून आणलेल्या तयार कोडमधल्या होत्या. तो आमचा नव्हताच. मी लिंटरच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचं नाव टाकलं, लिंटर तो वगळून पुढे गेला. यात गैर काही नाही, सगळीकडे असंच करतात.

पण दत्ताभाऊंचे डोळे चमकले. "नाव टाकलं की चुका जात्यात? मंग इतके दिवस दुरुस्त काय करून राह्यलो आपण!"

*

कोडमध्ये आकडे ठेवायच्या जागांना नावं द्यावी लागतात. राजूभाऊ लेकींची द्यायचे. एकदा लिंटरने सांगितलं: 'पिंकी' कुठेच वापरलेली नाही, काढून टाका.

राजूभाऊ ताडकन उठले. "माझ्या पोरीला बिनकामाची म्हणतो काय!"

संध्याकाळी त्यांचाही फोल्डर वगळला गेला.

*

मग दत्ताभाऊंनी स्वतःचा 'काटा' हा फोल्डर वगळला. उरली सुनंदा. रोज तिच्याच चुका निघायच्या आणि रोज तीच बोलणी खायची.

एक दिवस ती भडकली. "या घरात सून मी एकटीच हाय का? माझा बी फोल्डर सोडा!"

"बाई, कुणाचा तरी तपासावा लागंल ना," दत्ताभाऊ म्हणाले. "न्हाईतर लिंटर कशाला ठेवलाय?"

*

'काटा'ची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. काट्याची वायर निघाली तर दत्ताभाऊंचा कोड ब्रसुद्धा काढत नव्हता. मागच्या माणसाचं वजन पुढच्याच्या पावतीवर छापून मोकळा! टेंभुर्णीत माझे वडील याच कंपनीसाठी बियाण्याचा प्लॉट घेतात, म्हणजे शेतात बियाणं पिकवून कंपनीला घालतात. त्यांचं पोतं कुणाच्या वजनावर जाणार? मी सांगून थकलो. उत्तर एकच: "चालतंय ना? मंग!"

सीझनच्या तोंडावर बियाणे कंपनीचे मालक प्रोग्राम ताब्यात घ्यायला आले; त्यांना सगळे काका म्हणायचे. त्यांच्या बायकोला, काकूंना, पुढे बाजारात जायचं होतं, म्हणून त्याही सोबत. ट्रायलसाठी काटा मांडलेलाच होता. काका हौसेने त्यावर उभे राहिले, वजनाची पावती खिशात घातली. दत्ताभाऊंनी पेढे मागवले आणि लिंटर चालवला. सुनंदाने आपल्या चुका आदल्या रात्रीच काढल्या होत्या; एकही चूक नाही!

"बघा काका, मशीनचं सर्टिफिकेट हाय!"

मी उठलो. सेटिंगमधून 'काटा'चं नाव खोडलं, लिंटर पुन्हा चालवला. पडदा चुकांनी भरला. मग वायर उपटली, पेढ्यांचा पुडा काट्यावर ठेवला आणि पावती काढली.

पुड्याचं वजन काकांएवढं!

"उद्यापासून येऊ नको!" दत्ताभाऊ कडाडले.

"येणार! हे दुरुस्त होईपर्यंत रोज येणार!"

काकांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. बोलल्या त्या काकू.

"भाऊ, ह्याला काढलंच तर आमच्याकडं पाठवा. आमच्या गोदामात बी एक खोली हाय. झाडायला-तपासायला कुणी जात न्हाई तिथं. किल्ली ह्यांच्या कमरेला असती."