थडग्यासाठी घडवलेलं भांडं

आमच्या घरी मडकी भाजायचा आवा पेटला तरच चूल पेटायची. वडील कुंभार. पावसाळ्यात मडकी वाळत नसत, मग आई शेजारून पीठ मागून आणायची. त्या घरातला पहिला पदवीधर मी, हे आजही अभिमानानं सांगतो. पुढे नेदरलँड्सला आलो, इथला नागरिक झालो, पोलिसात लागलो आणि निवृत्तही इथेच झालो. नोकरीत हाताळलेली चोरीची एक तक्रार मात्र मनातून जात नाही.

डेल्फ्ट शहरातल्या एका वृद्ध विधुराचं प्राचीन चिनी भांडं चोरीला गेलं होतं. हिरव्या झिलईचं, मृताला धान्य पुरावं म्हणून थडग्यात ठेवायला घडवलेलं. त्याचा संशय घरातल्या भाडेकरू मुलीवर. ती नांदेडची, पीएचडी संपवून सोमवारी झुइडास या बड्या कंपन्यांच्या भागात नोकरीवर रुजू होणार होती, त्यासाठी म्हाताऱ्याचं घर सोडणार होती. शेजारणीनं फोनवर खबर दिली, की मुलगी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी गोल सायकलवरून नेत होती.

मी तिला मराठीतच विचारलं, "टॉवेलात काय होतं?"

"कुकर, सर. मैत्रिणीकडे जेवण होतं. मसालेभात गरम राहावा म्हणून गुंडाळला." मग हळूच म्हणाली, "चोरीचा डाग लागला तर नोकरी जाईल. नोकरी गेली की इथे राहायचं परमिटही."

मैत्रिणीनं दुजोरा दिला. पण मैत्रीण तिचीच बाजू घेणार. मी पुन्हा घटनास्थळी गेलो.

म्हातारा भांड्याबद्दल भरभरून बोलला. शतकानुशतकं ओल्या मातीत राहून झिलईवर चंदेरी पापुद्रा चढतो, हात लागला की गळतो. "म्हणून वर्षभरात मी त्याला शिवलोही नाही."

त्याच्या काळ्या स्वेटरवर छातीपाशी चंदेरी कण होते. मडकं उचलणारा माणूस ते छातीशीच धरतो, हे मला कुणी शिकवायला नको.

"हे कसले कण?"

तो उठून जिना चढला, मी मागोमाग. गेलेल्या बायकोच्या कपाटात, तिच्या कोटांमागे भांडं होतं.

"चौकशी चालू असली की त्या मुलीला घर सोडून जाता येणार नाही, असं वाटलं," तो म्हणाला. "घरी आली की विचारते, जेवलात का. दिवसभरात मला तेवढंच कुणी विचारतं."

"तिचं काय झालं असतं, याचा विचार केलात?"

"नाही केला."

खोटी तक्रार हाही गुन्हाच. तो मी नोंदवला. कीव आली म्हणून कागद बदलता येत नाही. पण त्यानंतर चोरीच्या तपासात घरातून कोण निघून चाललंय, हेही विचारू लागलो. आता मीही एकटाच राहतो. तो म्हातारा तेव्हापेक्षा आज जास्त समजतो.

मुलीवर कसलाही आरोप नाही, असं लेखी पत्र मी तिच्या हातात दिलं. सोमवारी ती नोकरीवर रुजू झाली.