राजूबाईच्या घरचं जेवण

राजेश्वर गावच्या राजूबाईचं नाव दोन पुस्तकांत छापून आलं. तिला वाचता येत नव्हतं. एका पुस्तकानं आप्पारावांना थोर ठरवलं, दुसऱ्यानं ढोंगी, आणि दोन्ही पुस्तकांनी साक्षीला तिलाच उभं केलं.

आप्पाराव म्हणजे बीदर जिल्ह्यातलं मोठं प्रस्थ. राज्यांची फेररचना होत होती तेव्हा मराठी गावं महाराष्ट्रात जावीत म्हणून ते खेडोपाडी बोलत हिंडले, आणि गावं म्हैसूर राज्यात गेल्यावर काही वर्षांनी त्या सरकारातच मंत्री होऊन बसले. त्यामुळे काहींच्या लेखी ते फितूर होते. काहींच्या लेखी रस्ते, दवाखाने, मुलांची वसतिगृहं आणणारा माणूस. हॉटेलात त्यांचं नाव निघालं की चहा निवून जायचा.

बासष्टच्या निवडणुकीत ते राजेश्वरला आले. राजूबाई तेव्हा तिशीच्या आतबाहेरची. नवरा ग्यानबा खदानीत दगड काढायचा, ती रोजानं शेतात जायची. वस्तीनं धम्म घेऊन थोडीच वर्षं झाली होती. आप्पाराव वस्तीतल्या एका घरी जेवणार असा निरोप आला, आणि घर राजूबाईचं ठरलं, कारण ते रस्त्याला लागून होतं आणि अंगणात फोटोपुरता उजेड होता.

तिनं भाकरी केल्या, तुरीचं वरण केलं, वांगी केली, शेंगाची चटणी कुटली. घर सारवलं. पाहुणे येण्याच्या जरा आधी एक कार्यकर्ता पाटलांच्या घरचा चार पुडांचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, तुमी कशाला तरास घेता? ह्यातलंच वाढा." राजूबाईला काय समजायचं ते समजलं. तिनं ग्यानबाकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

तिनं डब्यातलं आपल्या ताटात वाढलं. आप्पाराव मान खाली घालून जेवले. फोटो निघाला. त्यात ती वाढताना दिसते आणि आप्पाराव घास उचलताना. फोटो पेपरात आला, आप्पाराव निवडून आले. त्या दिवशीचं वरण आणि वांगी नवराबायकोनं संध्याकाळी खाल्ली.

त्याच साली पावसाळ्यात आप्पाराव पुन्हा आले. त्यांची जीप सडकेवर बंद पडली होती आणि ड्रायव्हर सामान आणायला हुमनाबादला गेला होता. दुपारची वेळ. ग्यानबा कामावर, मुलगा ज्ञानोबा आजीकडं कडगंचीला. आप्पाराव एकटेच चालत आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले की भूक लागली आहे.

राजूबाईनं घोंगडी टाकली. घरात सकाळची भाकरी होती आणि अंबाड्याची भाजी. तिनं विचारलं, चालंल का. ते बसले आणि खाऊ लागले. अर्धी भाकरी झाल्यावर थांबले.

"त्या दिवशी तुमच्या घरचं न्हाई खाल्लो मी," ते म्हणाले. "खुपायलंय ते."

"मग कामून न्हाई खाल्लाव?"

"भ्यालो."

"कुणाला?"

"मताला," ते म्हणाले. मग त्यांनी आणखी भाजी मागून घेतली, लोटाभर पाणी प्याले आणि सडकेकडं निघून गेले.

ग्यानबाला तिनं हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की माणूस एवढा वाईट नसावा. वस्तीत दोघातिघांना सांगितलं, तर कुणाला खरं वाटलं, कुणाला नाही. फोटो नव्हता. तिनंही नंतर ती गोष्ट लावून धरली नाही.

पुढे बारा वर्षांनी आप्पारावांचीच सही असलेला हुकूम वस्तीवर आला. गावच्या गायरानात वस्तीतली काही घरं बऱ्याच वर्षांपासून कसत होती. राजूबाईचे दोन एकर त्यातच होते. ती जमीन कापसाच्या एका सहकारी जिनिंग कारखान्याला दिली गेली. जिनिंगचा चेअरमन आप्पारावांचा पुतण्या. वस्तीतली माणसं बीदरला जाऊन आप्पारावांना भेटली. राजूबाईही गेली होती. त्यांनी उभ्या उभ्याच ऐकून घेतलं, दुसरीकडं जमीन देतो म्हणाले आणि गाडीत बसले. राजूबाईशी त्यांची नजरानजर झाली की नाही, हे तिला नक्की सांगता येत नसे. दुसरीकडं जमीन मिळाली नाही. ग्यानबा पुढच्या वर्षी खोकल्यानं गेला. मुलगा ज्ञानोबा बीदरला राहून शिकला, तिथंच शाळेत मास्तर झाला, आणि आप्पाराव हे नाव त्याच्या घरात निघेनासं झालं.

त्र्याऐंशीत आप्पारावांना पंचाहत्तर वर्षं होणार होती. गुलबर्ग्याच्या एका कॉलेजातले प्राध्यापक सिद्धलिंगप्पा त्यांचं चरित्र लिहायला बसले होते. माणूस सज्जन होता. आप्पारावांच्याच वसतिगृहात राहून शिकलेला. फोटोतल्या बाईला शोधत ते राजेश्वरला आले. त्यांची आई मराठी, त्यामुळे बोलायला अडचण आली नाही. त्यांनी फोटो पुढं ठेवला आणि त्या दिवशी काय काय वाढलं होतं ते विचारलं.

राजूबाईनं डब्याचं सांगितलं. सिद्धलिंगप्पांचं लिहिणं थांबलं. मग तिनं दुसऱ्या वेळेचंही सांगितलं, अंबाड्याच्या भाजीसकट. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. शेवटी म्हणाले, "अक्का, दुसरं लिहायचं तर पहिलं लिहावं लागतंय. पहिलं लिहिलं तर फोटोचं काय करू?"

थोड्या दिवसांनी बाबूलाल आला. बीदरला त्याचं एक साप्ताहिक होतं आणि तो आप्पारावांचा हिशेब मांडणारं पुस्तक काढत होता. सीमाप्रश्नातली पलटी, पुतण्याची जिनिंग, सगळं. डब्याची गोष्ट ऐकून त्याचा चेहरा उजळला. दुसरी गोष्ट ऐकून तो म्हणाला, "हे कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय की."

"तुमच्याशिवाय?"

तसं कुणी नव्हतं. बाबूलालनं ती गोष्ट सोडून दिली. खरं तर त्याची अडचण साक्षीदाराची नव्हती. डब्याचं पटलं होतं तेही तिच्या एकटीच्याच तोंडून.

त्याचं पुस्तक आधी निघालं. डब्याचं प्रकरण राजूबाईच्या नावानिशी छापलं होतं. पाटलांकडं ते वाचून दाखवलं गेलं आणि त्या हंगामात पाटलांच्या रानात तिला खुरपणीला कुणी बोलावलं नाही. इतर शेतकरीही कचरू लागले. ज्ञानोबानं तिला बीदरला चल म्हटलं. ती गेली नाही. लांबच्या शिवारात जाऊन काम करू लागली.

सिद्धलिंगप्पांचं मन मात्र स्वस्थ नसावं. एक दिवस ते जीप घेऊन आले आणि म्हणाले, साहेबांनाच विचारू. ते हो म्हणाले तर दोन्ही लिहितो, फोटोचं काय व्हायचं ते होऊ दे. राजूबाई पातळ बदलून निघाली.

बीदरच्या बंगल्यात आप्पाराव आरामखुर्चीत बसले होते. पायावर शाल. त्यांची बायको पार्वतीबाई शेजारी बसून औषधाच्या गोळ्या काढत होती. राजूबाईला त्यांनी ओळखलं, निदान फोटोवरून तरी. खूष झाले. "तुमच्या हातचं वरण मला अजून आठवतंय," म्हणाले.

"वरण पाटलाच्या घरचं होतं, साहेब," राजूबाई म्हणाली. "माझ्या घरचं तुमी नंतर खाल्लाव. पावसाळ्यात. गाडी बंद पडल्ती."

आप्पारावांनी तिच्याकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. पार्वतीबाईनं पुढची गोळी काढली.

"नंतर मी कवा आलतो?" ते म्हणाले. "एकदाच आलतो. फोटो हाय की."

सिद्धलिंगप्पांनी पुन्हा एकदा सगळं नीट समजावून विचारलं. आप्पारावांनी मान हलवली. मग पार्वतीबाईनं चहा आणला. तो पिऊन झाल्यावर राजूबाई उठली. तिला दारापर्यंत पोचवायला आलेली पार्वतीबाई हळूच म्हणाली की आता त्यांना बरंच आठवत नाही. जमिनीचं विचारलं तरी असंच म्हणतात.

त्या रात्री ती मुलाकडं राहिली. ज्ञानोबानं विचारलं, विसरलाय की विसरल्यासारखं करतोय?

"ते मला कळलं न्हाई," ती म्हणाली.

"आपली जमीन खाल्ली त्यानं. तू त्याचं चांगलं छापायला हिंडायलीस."

"चांगलं न्हाई सांगायले. झालं ते सांगायले. जमीन त्यानंच खाल्ली, आन् माझी भाकर बी त्यानंच खाल्ली."

ज्ञानोबानं तिचं अंथरूण टाकलं. तिच्या मनात मात्र काही दिवस शंका राहिली. ज्यानं भाकरी खाल्ली त्यालाच आठवत नाही, तर आपणच कल्पना केली की काय? शेतात काम करता करता ती घोंगडी कुठं टाकली होती, ते कुठल्या तोंडानं बसले होते, हे आठवून पाही. आठवायचं सगळं. मग हळूहळू ती शंका गेली.

चरित्र फोटोसह छापून झालं. खाली ओळ होती की आप्पाराव राजूबाईच्या घरची भाकरी खात आहेत. पंचाहत्तरीच्या समारंभात तिला साडीचोळी द्यायची ठरली होती. ती गेली नाही. साडी सिद्धलिंगप्पांनी घरी आणून दिली, आणि तिनं ती घेतली. त्यांचा दोष एवढा नाही असं ती म्हणायची.

आप्पाराव शहाऐंशीत वारले. वस्तीत शोकसभा घ्यावी की नको यावरून भांडण झालं. जिनिंगमध्ये जमीन गेलेल्यांचा विरोध होता, वसतिगृहात शिकलेल्या पोरांना सभा हवी होती. शेवटी विहारात सगळे जमले, आणि ज्ञानोबा बीदरहून आला होता. वस्तीनं त्यालाच बोलायला सांगितलं. तो नको म्हणेल असं सगळ्यांना वाटत होतं.

तो उभा राहिला. आधी गायरानाचं बोलला, नावं घेऊन, पुतण्याच्या नावासकट. मग पाटलांच्या डब्याचं. मग म्हणाला की त्याच पावसाळ्यात हा माणूस एकटा आमच्या घरी आला होता, मी तेव्हा गावात नव्हतो, पण माझ्या आईनं त्याला जेवायला वाढलं आणि तो आपण भ्यालो म्हणाला. काहीजण गायरानाचं ऐकून उठून गेले, काहीजण भाकरीचं ऐकून. बाकीचे बसले होते. राजूबाई बायकांत मागं बसून ऐकत होती. मुलानं एक चूक केली, भाजी शेपूची म्हणाला. ती शेजारच्या बाईला म्हणाली, "अंबाड्याची," आणि पुन्हा ऐकू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात ज्ञानोबानं वस्तीतल्या लोकांना घेऊन गायरानासाठी दावा लावला. तो नव्वदपर्यंत चालला. जिनिंग तोवर बंद पडली होती. जमीन परत मिळाली नाही, नाल्याच्या कडेची पडीक तेवढी वस्तीच्या नावावर झाली. राजूबाईच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात दगडच फार होते. ती आणि सुट्टीत बीदरहून आलेली सून मिळून ते वेचू लागल्या.