तिसरा ड्रमर

मंडळी, सावरून बसा, कारण दक्षिण आफ्रिकेच्या संगीताचे भवितव्य एकदा हॅरिस पार्कमधल्या माझ्या ढोलकीवर येऊन पडले होते. कुठे कोळशावर मांस भाजल्याचा वास आला, की मला ती दुपार आठवते. आमचा शेजारी डर्बनचा. तिथे फुटलेला बँड त्याने इथे पुन्हा उभा केला, पण एक ड्रमर खाणीतल्या नोकरीसाठी पर्थला गेला आणि दुसरा रुसून गेला. पॅरामॅटाच्या पबमधला कार्यक्रम फसला, तर तो गिटार कायमची कपाटावर टाकणार होता. त्या दुपारी अंगणात कोळशावर मांस भाजता भाजता तो मला म्हणाला, "मेट, तू गणपतीत वाजवतोस ना? चल!" पबमधले शेवटचे गाणे संथ होते, घर सोडून आलेल्यांचे. शेवटचे कडवे आले आणि माझे हात आरतीच्या सवयीने पळू लागले. आमच्याकडे एक आरती संपली की ढोलकी न थांबता दुसरी धरते, म्हणून त्याचे शब्द संपले तरी मी वाजवतच राहिलो. तो धापा टाकत पहिल्या कडव्यावर परतला, लोक टेबले सरकवून नाचू लागले. बँड आजही आहे, मीही आहे, आणि माइक चालू आहे हे विसरून तो तेव्हा जे ओरडला, तेही कानात आहे: "सगळे मला अर्ध्यात सोडून गेले, आणि हा बाबा गाणं संपवायलाच तयार नाही!"