भेगांचं मैदान

अकोल्याच्या बाहेर आमचा फुलांचा मळा आहे. शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. मळ्याच्या बांधाला लागून एका जुन्या क्लबाचं गोल्फचं मैदान आहे. टीव्हीवर दिसतं तसं हिरवंगार तिथं काही नाही. सगळी काळी जमीन. पावसाळ्यात चिखलातून पाऊल निघत नाही आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात, की कोपरापर्यंत हात आत जातो. चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा त्याच्याभोवतीही गवत नसतं. रेतीत तेल कालवून चोपून बसवलेला एक गोल असतो, झालं. खेळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस आला की थांबतो. मग तिथं गवत वाढतं आणि क्लब त्याचा लिलाव करतो. दरवर्षी ते गवत माझे बाबा घेतात, घरच्या म्हशींसाठी. मी गोल्फ खेळायला लागले ती या गवतामुळे.

गवत कापताना हरवलेले चेंडू सापडायचे. ते गोळा करून मी क्लबात नेऊन द्यायची. तिथं एक निवृत्त डॉक्टर रोज खेळायला येत. त्यांना आम्ही डॉक्टरकाका म्हणायचो. त्यांनी एकदा दांडा कापून लहान केलेली एक जुनी काठी माझ्या हातात दिली. "एवढे आणून दिलेस, आता एक मारून पाहा बेटा." मी मारला. चेंडू उंच गेला आणि आमच्या शेवंतीत पडला. बाबा तिथूनच ओरडले, "कोन हाये रे तो!" काका हसत म्हणाले, "तुमचीच आहे!"

पुढची सगळी वर्षं मी काकांकडेच शिकले. आमच्या मैदानाची एक रीत होती. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, आणि दंड म्हणजे वाढीव फटका. चेंडू भेगेत गेला तर दंड नाही; काढायचा, बाजूला टाकायचा आणि मारायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळे तसंच खेळायचे. भेगांचा दंड लावला असता तर उन्हाळ्यात कुणाचाच डाव संपला नसता.

बारावीनंतर अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वसतिगृहात जागा मिळावी म्हणून धावपळ करणाऱ्या मॅडम आणि खेळाला जाताना हजेरी सांभाळून घेणारे सर, या दोघांचं ऋण आहेच. एसटीनं अकोला-अमरावती करताना गोल्फची ती उंच पिशवी सोबत असायची. एका कंडक्टरनं विचारलं, "यात बंदुका हायेत का वं?" काठ्या आहेत म्हटल्यावर म्हणाला, "काठ्याइले एवढं मोठं गबाळं? मंग याचंही तिकीट काढ."

पदवीनंतर मी व्यावसायिक झाले. म्हणजे पात्रता फेरी खेळून कार्ड मिळवलं. कार्ड असलं की वर्षभर देशातल्या स्पर्धांत खेळता येतं. पहिलं वर्ष चांगलं गेलं. एका स्पर्धेत पहिल्या पाचांत आले, तेव्हा बाबांनी मळ्यातल्या शेवंतीचा हार केला आणि शेजारच्या काकूंना बोलावलं. काकूंनी खेळ समजून घ्यायचा मनापासून प्रयत्न केला.

"म्हंजे काठीनं चेंडू दूर माराचा?"

"हो."

"अन् मंग आपनच त्याच्या मांग पायी पायी जाचं?"

"हो काकू."

"मंग मारता कावून त्याले एवढ्या दूर?"

आई इतकी हसली, की चहा सांडला.

दुसरं वर्ष उतरतीचं होतं. मोठ्या शहरातल्या मुली पावसाळाभर सराव करतात, आमचं मैदान तेव्हा बंद. सूर हरवला तो सापडेना. होता होता शेवटची स्पर्धा आली आणि तिच्यावर सगळं येऊन ठेपलं. पहिल्या दोन दिवसांनंतर खालचे खेळाडू गळतात, त्याला कट म्हणतात. कट पार केला तर कार्ड राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा चेंडू गवताच्या पट्ट्याबाहेर गेला. तिथं काळी माती होती आणि तिला भेग पडलेली. चेंडू भेगेत अडकला होता. परक्या गावात आपली माती भेटावी तसं मला वाटलं. मी चेंडू काढला, बाजूला टाकला आणि मारला. छान गेला. सोबतच्या मुलीनं हळूच विचारलं, "तू पंचांना विचारलंस का?"

पंच आले. "भेगेभोवती पांढरी रेघ होती का?"

"नव्हती."

"मग ती दुरुस्तीसाठी आखलेली जमीन नाही; दंडाशिवाय चेंडू उचलता येत नाही. चेंडू होता तिथूनच मारायचा, नाहीतर एका फटक्याचा दंड घेऊन उचलायचा. तुम्ही चुकीच्या जागेवरून खेळलात. दोन फटके दंड."

मी वाद घातला नाही. पंच नियमानंच बोलत होते. त्या दोन फटक्यांनी कट हुकला आणि कार्ड गेलं.

घरी आले तेव्हा अमरावतीच्या एका शाळेतून क्रीडाशिक्षिकेच्या जागेसाठी बोलावणं आलेलं होतं. कायमची नोकरी. मामा म्हणाले, "लय झालं आता हे गावोगाव फिरनं. नोकरी धर." आईचीही इच्छा तीच होती. मला ती नोकरी कमी वाटत नव्हती. माझ्यासारख्या मुलीला ती मिळते हीच मोठी गोष्ट होती. पण पात्रता फेरी पुन्हा द्यायची तर शाळेला नाही म्हणावं लागणार होतं. आठवडाभर मी मळ्यात फुलं तोडत राहिले.

शेवटी एका संध्याकाळी बाबांनी एवढंच विचारलं, की चुकलं काय. मी रेघेचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाबा मैदानात. हातात फक्कीची पाटी, शाळेत कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी भुकटी. वाकून एकेका भेगेभोवती गोल काढत होते.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"रेघ नवती म्हने ना. आता हाये."

"अवो, इथं नाई, तिथं नवती! अन् सगळ्या भेगाइले काढसान तं मैदानच पांढरं होईन."

"होऊ दे." ते पुढच्या भेगेकडे सरकले. "तुले खेळाचं हाये का नाई, ते सांग. नसन तं मी थांबतो."

मी त्यांच्या हातातली पाटी घेतली. "खेळाचं हाये. पन रेघा नोका काढू."

त्याच दिवशी शाळेला नम्रपणे नकार कळवला आणि ठरवलं, की इथून पुढं भेगेतला चेंडू बाजूला टाकायचा नाही. जिथं पडला तिथूनच मारायचा. काठी सरळ वरून आणायची, हात घट्ट ठेवायचे. सुरुवातीला माती उडायची आणि चेंडू तिथंच. मनगटं दुखायची. क्लबातली मंडळी वैतागली. एक वकीलसाहेब म्हणाले, "अहो, तुमच्यामुळं उद्या आम्हालाही दंड लावतील." डॉक्टरकाका म्हणाले, "तुम्ही टाका बाजूला. तिला जायचंय दूर." पाऊस सुरू झाल्यावर बाबांनी फुलं भरायच्या शेडमध्ये जुनी ताडपत्री टांगली आणि मी पोत्यावर चेंडू ठेवून ताडपत्रीत मारत राहिले. आई एका कोपऱ्यात हार गुंफायची. फटका नीट बसला की आवाजावरून तिला कळायचं. "हा बसला," म्हणायची, वर न पाहता.

पात्रता फेरीच्या शेवटच्या दिवशी माझी जागा काठावर होती. शेवटच्या खड्ड्याकडे खेळताना चेंडू वाटेलगतच्या उघड्या, दगडासारख्या कडक जमिनीवर जाऊन बसला. भेग नव्हती, गवताची काडीही नव्हती. चेंडू आणि जमीन यांच्यात काहीच नसलं की काठी आपटून उसळते, म्हणून खेळाडू अशा जागेला घाबरतात. मी पाय रोवले, काठी वरून आणली. हाताला तो ओळखीचा झटका बसला. चेंडू ग्रीनवर, खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर, जाऊन थांबला. शेवटच्या काही जागांपैकी एक मला मिळाली.

घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग भेग भेटली का तिथं?"

"नाई भेटली."

"अन् वर्सभर मैदान कावून खोदलं वं तू?" मागून आईचा हसण्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "बरं, ये. यंदाचं गवत कापाचं हाये."

हे कार्डही एकाच वर्षाचं आहे. यंदा दोनदा कट हुकला, एकदा पार झाला. घरी असले की सकाळी मैदानावर जाते. दिवाळी झाली आहे, जमीन सुकू लागली आहे आणि बारीक भेगा पडायला सुरुवात झाली आहे.