दुसऱ्याच्या छातीतले निवांत यंत्र

सर्वांच्या हृदयी वसणाऱ्या श्रीनारायणाला वंदन करून, जळगावात माझ्या छातीतला पेसमेकर तपासून घ्यायला गेलो त्या दिवसाविषयी लिहितो.

माझ्याआधी धरणगावकडचे एक शेतकरी आबा होते. तपासणारी मुलगी पडद्याकडे पाहून त्यांना म्हणाली, "तुमचं हृदय आपणहून चालतंय, आबा. यंत्र नुसतं ऐकतंय. ठोका चुकला तरच वीज देईल."

मग माझी पाळी आली. तिने क्षणभर यंत्राची गती उतरवली. स्वतःचा एक तरी ठोका उमटावा म्हणून मी रामनाम घेत राहिलो. पडद्यावरची रेघ सपाटच राहिली. डोळ्यांपुढे अंधारी येताच तिने गती पूर्ववत केली.

"नाना, तुमचा प्रत्येक ठोका यंत्रच देतं."

जन्मभर त्रिकाळ संध्या मी केली, आणि ठोका लाभला तंबाखू मळणाऱ्या या गृहस्थाला! माझे मन जळत राहिले.

तिथेच थांबलेल्या आबांनी बैलाला थोपटावे तसा आपल्या छातीवरचा उंचवटा थोपटला. "नाना, मन्हं यंत्र नुसतं निवांत बशी ऱ्हास. तुम्हनं बिचारं राबस. त्याले गोंजारत जा."

घरी परतताना मी माझा उंचवटा गोंजारला. हेवा मात्र गेला नाही.

वाचकहो, तुमच्या घरातील प्रत्येक हृदय आपणहून चालो. आणि कोणाचे थकलेच, तर त्याला असा अथक सेवक लाभो.