चार बाय दोनची जागा

आत्माराम पालव आमच्या समोरच्या दारात राहतात. वसईजवळच्या तुळिंजमधल्या या इमारतीत येऊन त्यांना चौदा वर्षं झाली, आणि चौदा वर्षांत त्यांनी न मोजता घरात एक वस्तू आणलेली मी पाहिली नाही. जोगेश्वरीच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर. खिशात एक वेळ पेन नसेल, पण स्टीलची टेप असायचीच. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी आधी दार मोजलं, मग जिना, मग जिन्याचं वळण. आम्ही हसलो. पुढच्याच महिन्यात आमचा नवा सोफा त्या वळणावर अडकला. दोन तास आमचे हे वर आणि हमाल खाली. पालव भावोजी टेप घेऊन आले आणि चकार शब्द न काढता वळणाचं माप घेऊन दाखवलं. मला त्या दिवशी त्यांचा असा राग आला होता म्हणून सांगू.

टेपचं दुसरं टोक धरायला वसुंधरा. ती त्यांची बायको आणि माझी मैत्रीण. "नीट धर गं," असं भावोजी म्हणाले की ती म्हणायची, "धरलंय हो, भिंत कुठे पळून चाललीय?"

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत वसुंधरा गेली. त्याआधीचं सव्वा वर्ष ती हॉलमध्ये, खिडकीजवळच्या लोखंडी पलंगावर होती. वन रूम किचनचं घर, पलंग दुसरीकडे मावलाच नसता. मुलीची, अश्लेषाची, बारावीची परीक्षा तेव्हा बारा दिवसांवर होती. पोरीनं ती दिली. भावोजी तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेले. ते रडले नाहीत. कधीतरी रडतील म्हणून मी वाट बघत होते. मग वाट बघायचंही सोडून दिलं.

त्यानंतर त्यांच्याजवळ एकच शब्द उरला. डबा पाठवू का? चालेल. आज नको का पाठवू? चालेल. एकदा मी चिडून आमटीत मीठच घातलं नाही. बघू तरी, माणूस काही बोलतो का. भांडं परत द्यायला आले तेव्हा मुद्दाम विचारलं, आमटी कशी झाली होती? म्हणाले, "छान होती, वहिनी." मी दार लावून घेतलं आणि ओट्याशी उभी राहून रडले.

पलंग होता तिथेच राहिला. त्यावर कोणी बसायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी बसत नव्हतं. दर रविवारी भावोजी त्यावरची चादर बदलायचे, आणि जुनी, न मळलेली, धुवायला टाकायचे.

जुलैत अश्लेषाला इंजिनिअरिंगला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक पुण्याला, हॉस्टेलसकट, आणि दुसरा इथेच वसईत. शनिवारपर्यंत ठरवायचं होतं. पुण्याचं कॉलेज चांगलं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, बाबा काय म्हणतात?

"त्यांना विचारलंच नाही, काकू. जाऊ का म्हटलं तर म्हणतील चालेल. राहू का म्हटलं तरी चालेल. मी फक्त विचारलंय, कॉम्प्युटर कुठला घ्यायचा, लॅपटॉप की डेस्कटॉप. डेस्कटॉप म्हणाले तर मी राहणार. लॅपटॉप म्हणाले तर जाणार."

"अगं, असं आडून विचारतात का? सरळ बोल की बापाशी."

"सरळ विचारलं की उत्तरच येत नाही," ती म्हणाली. "मला नुसतं जायचं नाहीये. त्यांनी जा म्हणायला पाहिजे. नाहीतर तिथे बसून मी रोज हाच विचार करत बसेन, की आई गेली आणि मी पण टाकून आले."

अठरा वर्षांची पोर, आणि तिनं आपलं अख्खं नशीब एका यंत्रावर टांगून ठेवलं होतं. मला तिला बदडावंसंही वाटलं आणि जवळ घ्यावंसंही. दोन्ही केलं नाही.

मंगळवारी आम्ही तिघं माणिकपूरला कॉन्रॅडच्या दुकानात गेलो. कॉन्रॅड तिथलाच, कॉम्प्युटर जोडून द्यायचा आणि बिघडला तर घरी यायचा. तोंड फाटकं, पण माणूस सरळ. त्यानं दोन्ही दाखवले.

"अंकल, सिंपल आहे. पोरगी घरी राहणार असेल तर डेस्कटॉप. बिघडला तर मी आहे. हॉस्टेलला जाणार असेल तर लॅपटॉप. घरी बसून लॅपटॉप म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"आणि लाईट जाते त्याचं काय?" मी विचारलं. तेव्हा आमच्याकडे रोजचं लोडशेडिंग होतं.

"यूपीएस लावून देतो. पण टेबलाला चार बाय दोन जागा पायजे. भिंतीला धरून, प्लगच्या जवळ. आधी घरी मापून या."

मापून या म्हटल्यावर भावोजींचा हात आपोआप खिशाकडे गेला. अश्लेषानं माझ्याकडे पाहिलं. पाच महिन्यांत त्यांनी टेप बाहेर काढलेली आम्ही कोणी बघितली नव्हती.

गुरुवारी त्यांनी सुट्टी घेतली. अश्लेषा ज्युनिअर कॉलेजातून दाखला आणायला गेली होती. त्यांनी मला हाक मारली, "वहिनी, जरा टोक धरता का?"

मी धरलं. शोकेसची भिंत मोजली, साडेतीन फूट. दारामागची जागा मोजली, तर दारच उघडेना. स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाशी तीन फूट, आणि वर नळ. बाथरूमबाहेरचा बोळ मोजला. गॅलरीही मोजली, जिथे कॉम्प्युटर ठेवायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. प्रत्येक वेळी ते आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि पुढे सरकायचे. असं अख्खं घर झालं. उरली ती खिडकीजवळची भिंत. तिथे प्लग होता, उजेड होता. साडेसहा फूट तरी असेल.

ते थांबले. मी टेपचं टोक घेऊन पलंगाच्या पलीकडे गेले आणि भिंतीला लावलं. त्यांच्या हातातून टेप सुटली आणि सर्रकन माझ्याकडे गुंडाळत आली. बोटाला लागलं.

"तिथे नको," ते म्हणाले.

"भावोजी, जागा फक्त इथेच आहे."

"पलंग हलवावा लागेल."

"हो. लागेल."

त्यांनी चादरीचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, "लॅपटॉप घेऊ. त्याला जागा लागत नाही."

माझं डोकं फिरलं. इतके महिने मी गप्प बसले होते, तोंडात मिठाची गुळणी धरून, पण आता राहवेना. "लॅपटॉप म्हणजे काय, कळतंय का तुम्हाला? ती पुण्याला जाईल. चार वर्षं. घरात तुम्ही एकटे. एक पलंग हलवायला नको म्हणून पोरीला घालवता?"

"चालेल," ते म्हणाले.

चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते तसंच म्हणाले, डब्याला म्हणतात तसं. मी टेप त्यांच्या हातात दिली आणि घरी आले. वसुंधरा असती तर तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं, पण ती नाही म्हणूनच तर हे सगळं होतं.

संध्याकाळी अश्लेषा धावत आमच्याकडे आली. डोळे रडून लाल. "काकू, बाबा स्वतःहून म्हणाले, लॅपटॉप घेऊ. मी काही विचारायच्या आत. मी म्हटलं, मग पुण्याला जाऊ? म्हणाले, जा." ती माझ्या गळ्यात पडली. "मला वाटलं होतं ते मला सोडणारच नाहीत."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा टाकला. बाबांनी कुठे कुठे मोजलं तेवढं सांगितलं. खरं सांगायचं तर पलंगाचं माझ्या जिभेवर होतं. पण सांगून काय झालं असतं? ती राहिली असती, आणि त्या पलंगासमोर चार वर्षं मांडीवर वही घेऊन बसली असती. ती गेली. भावोजी तिला पोचवून रात्रीच्या गाडीनं परत आले आणि सकाळी कामावर गेले. डबा मी पाठवत होते.

दिवाळीला ती आली. तीनच महिन्यांत अंगानं भरली होती, बोलायला लागली होती. भाऊबीजेला तिची मामी आली, आणखी दोन-तीन नातेवाईक. दिवाळी नव्हतीच, सुतक नसलं तरी घरात कोणी कंदील लावला नव्हता, पण माणसं आली. सगळे खाली सतरंजीवर बसले. अश्लेषानं लॅपटॉप उघडून कॉलेजचे फोटो दाखवले आणि ती गोष्ट सांगितली. बाबांनी सगळं घर मोजलं, आणि मग स्वतःचा विचार न करता म्हणाले, जा.

मामी म्हणाली, "फार मोठं मन केलंत हो भावोजी. आमच्या वसूला बरं वाटलं असतं."

भावोजी उठून स्वयंपाकघरात आले. मी चहा गाळत होते. ते ओट्याला धरून उभे राहिले.

"वहिनी, तसं नव्हतं. तुम्हाला तर माहीत आहे."

"माहीत आहे."

"मी तिचा विचारच केला नव्हता. एकदाही नाही." त्यांचा आवाज फुटला. "तुम्ही सांगा तिला. मला नाही जमणार. मी जा म्हणालो, पण ते तिच्यासाठी नव्हतं, त्या पलंगासाठी होतं."

इतके दिवस मला त्यांचा राग होता. त्या वेळी शोधला, तर सापडला नाही.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "तुम्हीही सांगायचं नाही. तुम्ही तिला दुसरं काही देऊ शकला नाहीत यंदा. एवढं तिच्याकडे राहू द्या."

त्यांनी तोंड धुतलं आणि बाहेर जाऊन बसले. तोवर आणखी कोणी आलं होतं, आणि अश्लेषा त्यांना पहिल्यापासून सांगायला लागली होती, की बाबांनी आधी शोकेसची भिंत मोजली. भावोजी मान खाली घालून ऐकत होते. मी चहाचे कप भरले आणि बाहेर नेले.