आमच्या गल्लीचे तिरळे बैल

सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीचे लाकडी बैल तिरळे आहेत. हे मी लाडाने म्हणत नाही, चित्रकला शिकणाऱ्या माणसाच्या अधिकाराने सांगते. त्यांचा डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा, आणि त्यातलं बुबुळ बाहेरच्या बाजूला सरकलेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपूरची पोरं असे चाकांवरचे बैल सजवून मैदानात नेतात आणि घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, गोळा करतात. आमचे बैल मैदानात शिरले, की दुसऱ्या गल्लीची पोरं ओरडणारच, "आले रे तिरळे!"

हा सगळा बाबांचा प्रताप. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. खांबावर त्यांचा हात कधी चुकला नाही, पण हातात ब्रश आला की विचारू नका. वर्षभर माळ्यावर पडून बैलांचा रंग उडायचा, तेव्हा पोळ्याच्या आधी पोरं आपापला बैल घेऊन आमच्या ओट्यावर जमायची. शिंगं आणि झूल ती स्वतः रंगवायची, डोळे मात्र बाबांकडे. बाबा बैलाला गुडघ्यांत आवळून धरायचे आणि जीभ दातांत धरून कामाला लागायचे. त्यांच्या चष्म्याची एक दांडी तुटली होती. तिथे त्यांनी तांब्याची तार गुंडाळली होती, त्यामुळे चष्मा कायम डावीकडे कललेला. "चष्मा सरळ करा ना जी," आई रोज म्हणायची. बाबा सरळ करायचे, आणि पाणी पिऊन होईस्तोवर तो पुन्हा कलायचा.

कॉलेजात गेल्यावर मी त्यांना डोळ्यांचं प्रमाण, अंतर, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुहं. पण बैलानं अजून तक्रार नाही केली."

मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणून आईला मागे बसवून स्वतः स्कूटर चालवत धंतोलीतल्या दवाखान्यात गेले होते. आई एकटी ऑटोने परत आली. त्यानंतर मी कागदावर रेघ ओढली नाही. कोरा कागद दिसला तरी डोकं तापायचं. आईने रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि ओट्यावर बसणं सोडलं. घरात आम्ही दोघी एकमेकींना जेवलीस का एवढंच विचारायचो.

तशात पोळा आला. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे वर्षभर सण करत नाहीत. शेजारचे आणून देतात. शेजारची काकू पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली, आणि तिच्या मागे तिची नात, काखेत बैल. बैलाचं तोंड कोरं पांढरं.

"या वर्षी सण नाही आमच्याकडं," आई म्हणाली.

"सण तुमचा नाही वं, बैल तर आमचा आहे ना?" काकूने डबा टेकवला. "डोळे रंगवायले कोणाची मनाई आहे? एवढी फी भरून शिकून राहिली पोरगी, तिले बैलाचे डोळे नाही येणार?"

काकूपुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. मी चरफडत रंग काढले, ओट्यावर बसले आणि डोळे रंगवले. सुरेख उतरले. अगदी जोडीचे, पाणीदार. काकूच्या नातीने बैल हातात घेतला, जवळ नेऊन पाहिला, लांब धरून पाहिला आणि भोकाड पसरलं.

"हा माहा बैल नाही! हा सरळ पाहून राहिला!"

मला असा संताप आला म्हणून सांगू! बैलाचे डोळे पुसले आणि म्हटलं, घे, तिरळे करून देते. पण तिरळेपणा काही जमेना. एकदा बैल रागावलेला दिसला, एकदा चक्क दारू प्यायलेला. तोवर बाकीची पोरंही आपापले बैल घेऊन ओट्यावर आली होती आणि जो तो मला शिकवत होता. "काका गुडघ्यात धरत होते, ताई." "जीभ बाहेर काढ ना थोडी." मी गुडघ्यात धरला, जीभही काढली. तरी तो बाबांचा बैल होईना.

"पण तू काकांचा चष्मा काहून नाही घातला?" काकूची नात नाक ओढत म्हणाली.

चष्मा देवघराशेजारच्या फळीवर होता, आईने पुसून ठेवलेला. मी तो घातला. तो लगेच डावीकडे कलला आणि समोरचं सगळं वाकडं झालं. त्या वाकड्यातून जमेल तितके सरळ, नीट, जोडीचे डोळे मी रंगवले. मग चष्मा वर करून पाहिलं. डावा मोठा, बुबुळ बाहेर. पोरांनी एकच गिल्ला केला.

म्हणजे बाबा इतकी वर्षं सरळच डोळे रंगवत होते. मी पटकन चष्मा खाली ओढला आणि पुढचा बैल मागितला, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि पोरांसमोर रडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैल मैदानाकडे तोंड करून रस्त्यावर रांगेत लागले. आमचं घर त्यांच्या डाव्या हाताला. मी ओट्यावर चष्मा घालून मागे राहिलेल्या एका बैलावर ब्रश फिरवत होते. या घरी बोजारा मागायचा नाही, असं पोरांना मोठ्यांनी बजावलं होतं, म्हणून ती मुकाट्याने पुढे निघाली. तेवढ्यात मागे दाराची कडी वाजली. आई ओट्यावर आली होती.

तिने रांगेकडे पाहिलं. "अगं बाई, हे सगळे आपल्याच घराकडं पाहून राहिले वं," ती म्हणाली आणि हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मग पोरांवर ओरडली, "काहून रे, आमच्या घरचा बोजारा नाही लागत का तुम्हाले?"

पोरं दोऱ्या ओढत धावत आली. सगळ्यांच्या हातावर बोजारा ठेवून झाल्यावर तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. जवळ येऊन तिने सवयीने माझ्या नाकावरचा चष्मा सरळ केला. मग दोन्ही हातांनी तो पुन्हा डावीकडे कलता केला.

"राहू दे," ती म्हणाली, "तसाच राहू दे."